जवस किती ते सांगते, पण आधी कोंड्याचं बोलू

पत्राचा सारांश: ऊसपट्ट्यातल्या एका गावातून एक वाचक लिहितात, "डॉक्टर मॅडम, आमचा वडिलांपासून वरातीच्या घोड्यांचा धंदा आहे. तीन वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या यात्रेतून काळी मारवाडी घोडी आणली. आता आठ वर्षांची आहे. पहिलं वर्षभर आरशासारखी चमकायची. गेल्या पावसाळ्यापासून चकाकी गेली, काळ्या केसांची टोकं तांबूस पडली, शेपटीचं मूळ आणि आयाळ घासून घासून उघडी पाडली. इंटरनेटवर वाचून रोज 300 ग्रॅम जवस सुरू केलं. वडील म्हणतात, कच्चं जवस विष असतं, शिजवूनच द्यायचं. नालबंद म्हणतो, अंगात लोह कमी आहे, टॉनिक पाजा. दुकानातून गाईचं मिनरल मिक्श्चर आणि कॅल्शियमची बाटली आणून ठेवली आहे, पण रक्त तपासलं तर कॅल्शियम नॉर्मल आलं. दाण्याला रोज दोन किलो गव्हाचा कोंडा, दीड किलो भिजवलेला हरभरा आणि थोडा गूळ. वैरणीला घरचं हत्ती गवत, हंगामात उसाचे वाढे. अधूनमधून पुढच्या पायाने लंगडते, कधी डाव्या तर कधी उजव्या. नालबंदाला खुरात काही सापडलं नाही. जवस किती द्यावं, कच्चं की शिजवून, आणि मिनरल कोणतं? तुळशीच्या लग्नानंतर तारखा सुरू होतील."

तुमच्या प्रश्नांची उत्तरं तशी छोटी आहेत. जवस दिवसाला 100 ग्रॅम पुरे. ताजं दळून, लगेच खाऊ घालायचं. मिनरलचं पाकीट तूर्त तसंच राहू द्या. पण ही उत्तरं घेऊन तुम्ही तबेल्यात गेलात तर घोडीचं फारसं भलं होणार नाही, कारण माझी नजर तुम्ही जाता जाता लिहिलेल्या वाक्यावर अडकली आहे: कधी डाव्या पायाने लंगडते, कधी उजव्या. खिळा लागला, खूर पिकलं, शीर ताणली तर दुखणं त्याच पायात राहतं. ते पाय बदलू लागलं आणि खुरात काही सापडेना, की मी तोबऱ्यात डोकावते. तुमच्या घोडीचा तोबरा मी कागदावर मांडून बघितला, तुम्हीही माझ्यासोबत मांडा.

गव्हाच्या कोंड्यात (पोत्यावर 'भुसा' म्हणून येतो तोच) कॅल्शियम किलोला जेमतेम एक-सव्वा ग्रॅम असतं आणि फॉस्फरस अकरा ग्रॅमच्या आसपास. दोन किलोत झाले अडीच ग्रॅम कॅल्शियम आणि बावीस ग्रॅम फॉस्फरस. हरभरा दीड किलो, त्याचे साधारण अडीच आणि पाच. तुमचं 300 ग्रॅम जवस, त्याचं कॅल्शियम पाऊण ग्रॅम आणि फॉस्फरस दोन ग्रॅम. तोबऱ्याची बेरीज सहा ग्रॅम कॅल्शियम आणि एकोणतीस ग्रॅम फॉस्फरस. म्हणजे एकास पाच. घोड्याला हवं असतं नेमकं उलटं: कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट, आणि काही झालं तरी त्याच्याहून कमी नाही. 400 किलोच्या, हलकं काम करणाऱ्या घोडीला दिवसाकाठी साधारण 24 ग्रॅम कॅल्शियम आणि 14-15 ग्रॅम फॉस्फरस लागतं. तुमच्या तोबऱ्यात फॉस्फरस दुप्पट आहे आणि कॅल्शियम पाव हिस्सा.

तुम्ही म्हणाल, वैरण धरलीच नाही. धरू. वीस किलो हिरवं हत्ती गवत वाळवलं तर चारेक किलो उरतं. त्यात कागदावर पंधराएक ग्रॅम कॅल्शियम आहे, दहाएक ग्रॅम फॉस्फरस आहे. ते मिळवूनही तराजू फॉस्फरसकडेच झुकलेला. शिवाय हत्ती गवतात ऑक्झॅलेट नावाचा पदार्थ असतो आणि तो कॅल्शियमला घट्ट धरून ठेवतो. उसाच्या वाढ्यांचंही तेच. म्हणून तर दुभत्या जनावरांना वाढे घालताना वर चुन्याची निवळी शिंपडा, असं सांगतात. गाईचं निभावतं, कारण तिच्या पहिल्याच पोटातले जिवाणू बरंचसं ऑक्झॅलेट मोडून टाकतात. घोड्यात जिवाणूंचा कारखाना शेवटी, मोठ्या आतड्यात; कॅल्शियम अंगी लागतं त्याच्या आधी, लहान आतड्यात. मोडणारा पोचेपर्यंत कॅल्शियम लिदेच्या वाटेला लागलेलं असतं. त्यामुळे गोठ्यातल्या म्हशीला जे गवत मानवतं ते शेजारी बांधलेल्या घोडीला मानवेलच असं नाही. आणि निवळीच्या भरवशावर राहू नका, तिच्या एका लिटरात एक ग्रॅमही कॅल्शियम नसतं.

रक्त नॉर्मल आलं, याने तुम्ही निर्धास्त झालात. इथेच बरेच जण फसतात. रक्तातलं कॅल्शियम एका ठरावीक पातळीच्या खाली जाऊन चालत नाही, हृदय आणि स्नायू त्यावर चालतात. म्हणून आहारातून ते मिळेना झालं की शरीर हाडांतून काढतं आणि रक्ताची पातळी सांभाळतं. पगार बंद झालेल्या घरात दागिने एकेक करून सावकाराकडे जातात आणि चूल मात्र रोज पेटत असते, तसं. रिपोर्ट चुलीचा येतो, दागिन्यांचा नाही. पुढे हाडं पोकळ होतात, सांधे दुखू लागतात, दात हलतात, आणि शेवटी डोळा आणि नाकपुडी यांच्यामधलं चेहऱ्याचं हाड दोन्ही बाजूंनी फुगतं. इंग्रजीत या आजाराला 'बिग हेड' म्हणतात. जुनं नाव 'मिलर्स डिसीज', म्हणजे गिरणीवाल्याचा आजार, कारण गिरणीवाल्यांची घोडी फुकटच्या कोंड्यावर पोसलेली असायची. ऑस्ट्रेलियात तर कोंडा न खाणाऱ्या घोड्यांनाही तो होतो, नुसत्या ऑक्झॅलेटवाल्या गवतांच्या कुरणात चरून. तुमच्या घोडीला गिरणी आणि कुरण दोन्ही लाभलंय.

तिला हाच आजार आहे, असं पत्रावरून मी ठामपणे म्हणणार नाही. तुमच्या डॉक्टरांना बोलावून चेहऱ्याची हाडं चाचपायला सांगा, दात बघायला सांगा, आणि रक्ताबरोबर लघवीतल्या फॉस्फरसची तपासणी होईल का ते विचारा; या आजारात रक्तापेक्षा लघवी जास्त बोलते. तुम्ही स्वतः एक गोष्ट आजच बघू शकता. निरोगी घोड्याची लघवी गढूळ, पातळ ताकासारखी असते, कारण जादाचं कॅल्शियम तो तिच्यातून टाकतो. ती सतत स्वच्छ दिसत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. खूप पाणी प्यायल्यानेही ती स्वच्छ होते, त्यामुळे एवढ्यावरून घाबरू नका. ही तपासणी होईपर्यंत मात्र घोडीला डांबरी रस्त्यावर नाचवू नका. तारखा घेतल्या असतील तर दुसरी घोडी बघून ठेवा. हे ऐकायला कडू आहे, ठाऊक आहे मला.

आता वडिलांशी याविषयी कसं बोलायचं? कारण कोंड्याने घोडीचं पोट साफ राहतं, अंग भरतं, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं असणार. ते खोटं नाही. पण त्यांच्या उमेदीच्या काळातली घोडी आठवायला सांगा. दिवसभर माळावर सुटलेली असायची ना? हरळी, मारवेल, बांधावरचा चार जातींचा झाडपाला, उन्हाळ्यात कडबा. कोंडा तेव्हाही होता, पण त्याच्या भोवतीचं ताट वेगळं होतं. माळ गेले, ऊस आला, बांधावर हत्ती गवत आलं, घोडी दावणीला आली. कोंड्याचं माप तेवढं जुनंच राहिलं. असं सांगितलंत तर त्यांना चुकीचं ठरवल्यासारखं होणार नाही, आणि खरंही तेच आहे.

जवसाच्या बाबतीत तर वडील बरेचसे बरोबर आहेत. जवसात सायनाइड तयार करणारे पदार्थ असतात आणि ते मोकळं करणारं एक विकरही (एन्झाइम) त्याच दाण्यात असतं. दाणा फुटला आणि ओला झाला की दोघांची गाठ पडते. कोवळ्या ज्वारीने जनावर दगावतं त्यामागे हेच विष. म्हणून सर्वांत वाईट पद्धत कोणती, तर जवस दळून कोमट पाण्यात रात्रभर भिजत ठेवायचं. दोनच रीती धरा. एक, वडिलांची: अख्खं जवस भरपूर पाण्यात घालून झाकण न ठेवता खळखळून उकळायचं, बुळबुळीत लापशी झाली की गार करून द्यायची. उकळीने ते विकर मरतं आणि असलं-नसलं विष वाफेबरोबर जातं. दुसरी रीत माझ्या सोयीची: चटणीला भाजतो तसं हलकं भाजून मिक्सरमधून काढायचं, तोबऱ्यात किंचित ओल्या दाण्यावर भुरभुरवायचं आणि घोडीपुढे ठेवायचं. एवढ्या थोड्या मापात, लगेच खाल्लेलं ताजं दळलेलं कच्चं जवससुद्धा घोड्याला बाधत नाही; त्याच्या पोटातलं आम्ल त्या विकराला काम करू देत नाही. अख्खे कच्चे दाणे मात्र देऊ नका. बारीक, निसरडे, चावले न जाता बरेचसे लिदेत जसेच्या तसे दिसतील. दळलेलं तीन-चार दिवसांपेक्षा जास्त साठवायचं नाही. खवट वास आला तर तुमच्या आधी घोडीच तोंड फिरवेल.

तेलाचंही सांगून ठेवते, कारण पुढचं पत्र त्याचंच येतं. घाण्याचं जवस तेल चालतं, पण त्यात खनिजं नाहीत आणि प्रथिनंही नाहीत. रंगाच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' म्हणून मिळतं ते जवस तेल लाकडासाठी आहे, त्यात रंग लवकर वाळावा म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. ते घोड्याच्या तोंडाजवळसुद्धा नेऊ नका. पेंडीतून तेल निघून गेलेलं असतं, उरलेलं फॉस्फरस अधिक दाट झालेलं असतं. तुमच्या घोडीला ती नकोच.

आणि 300 ग्रॅम हा आकडा आला कुठून? बहुधा बाहेरच्या देशातल्या 500-600 किलोच्या घोड्यांवरून. तुमची घोडी मोजा. कोपरामागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880. घेर 170 आणि लांबी 160 असेल तर वजन येतं 390 किलो. जंताच्या औषधाचा डोससुद्धा याच वजनावर द्यायचा असतो, अंदाजपंचे नाही.

खाजेसाठी जवस सुरू केलंत, त्याला थोडा आधार आहे. 2002 मध्ये कॅनडातल्या एका प्रयोगात चिलटांची अॅलर्जी असलेल्या सहा घोड्यांना 42 दिवस जवस दिलं, तेव्हा त्वचेवरच्या चाचणीत उठणाऱ्या गाठी लहान झाल्या. पण घोडे सहाच होते, आणि माप वजनाच्या हजार किलोमागे एक किलो, म्हणजे तुमच्या घोडीला रोज 400 ग्रॅम. तेवढं फॉस्फरस तिला आत्ता परवडणारं नाही. त्याआधी खाज नेमकी कशाची ते बघा. शेपटीचं मूळच घासत असेल तर गुदद्वाराशी अंडी घालणारे जंत हे एक कारण असतं. लीद तपासून ते बऱ्याचदा सापडत नाहीत, तिथल्या कातडीवर पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती डॉक्टरांना द्यावी लागते. आयाळही घासते आणि त्रास पावसाळ्यात वाढतो, यावरून चिलटांचा संशय जास्त येतो. चिलटं पहाटे आणि दिवेलागणीला येतात आणि त्यांना वाऱ्यात उडता येत नाही. त्या दोन वेळी तबेल्यात मोठा पंखा लावा, लीद आणि साचलेलं पाणी लांब ठेवा. पंख्याने जेवढा फरक पडतो तेवढा पाव किलो जवसाने पडलेला मी पाहिलेला नाही.

जवस मग द्यायचं कशाला? हिरव्या ताज्या गवतात जी थोडी चरबी असते तिचा मोठा हिस्सा ओमेगा-3 असतो. गवत वाळलं की तो बराच जातो. मी तुम्हाला आता कडब्याकडे नेणार आहे, म्हणून 100 ग्रॅम जवस. एका चमच्याने सुरुवात करून दोन आठवड्यांत तिथवर आणायचं. सध्या 300 देताय ते आधी कमी करा.

नालबंदाच्या लोहाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे: टॉनिक नको. 400 किलोच्या घोड्याला रोज 320 मिलिग्रॅम लोह लागतं आणि सहा-सात किलो सुक्या वैरणीतून, तिच्यावरच्या धुळीसकट, त्याहून कितीतरी जास्त जातं. जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात जवळजवळ नाही. तांबूस टोकांवरून संशय घ्यायचाच तर तांब्याच्या कमतरतेचा घ्या. तांबं रोज 80 मिलिग्रॅम लागतं आणि जस्त 320, म्हणजे एकास चार. त्यातही ऊन आणि घामाने काळा रंग विटतोच. दिवसभर उन्हात बांधलेल्या काळ्या घोडीचे केस कुठलंही पाकीट देऊन काळे राहणार नाहीत. सावलीत बांधून एक महिना बघा, काखेतले आणि पोटाखालचे केसही तांबूस असतील तर मग तांब्याचं बोलू.

गाईचं मिनरल मिक्श्चर विष नाही, पण ते गाईच्या हिशेबाने केलेलं असतं आणि त्यात फॉस्फरस भरपूर असतं, जे तुम्हाला कमी करायचंय. डीसीपीचंही (डायकॅल्शियम फॉस्फेट) तेच, दुकानदार 'कॅल्शियम आहे' म्हणून तीच पुडी हातात देईल. तुम्हाला हवी खाद्यात वापरायची चुनखडीची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तिच्या 40 ग्रॅममध्ये 15 ग्रॅम कॅल्शियम असतं आणि फॉस्फरस नसतं. भिंतीला लावायचा किंवा पानाचा चुना नाही, त्याने तोंड आणि अन्ननलिका भाजेल. सेलेनियम असलेली दोन पाकिटं एकदम कधीच नको. त्याची गरज दिवसाला एक मिलिग्रॅमहून कमी, आणि जास्त झालं तर आयाळ-शेपटीचे केस झडतात, खुरं तडकतात. मग माणूस ते कमी पडलंय समजून आणखी घालतो. आणि गाई-कोंबड्यांचं तयार खाद्य घोडीला चुकूनही नको. काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाईला ते चालतं, घोड्याचं हृदय त्याने बंद पडतं.

तर तोबरा असा बांधा. वैरणीला साडेचार किलो ज्वारीचा चांगला कडबा, बुरशी नसलेला, आणि वाळवलेला दीड किलो लसूणघास; हिरवा असेल तर सहा-सात किलो. खरा जादूगार हा लसूणघास आहे. दीड किलोत वीस ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आणि फॉस्फरस जेमतेम चार. तुमच्या पट्ट्यात पाणी आहे, दोन गुंठे लावलात तर घोडीचं भागेल. हत्ती गवत आणि वाढे गोठ्याकडे वळवा. दाण्याला एक किलो हरभरा, आणि कोंडा पाव किलो. कोंडा पुरता बंद करू नका असं म्हणते, कारण वरचं सगळं मिळून फॉस्फरस चौदा ग्रॅमच्या काठावर येतं, आणि वडिलांचाही मान राहतो. वर 100 ग्रॅम जवस आणि 30 ग्रॅम साधं मीठ. मीठ तुमच्या पत्रात कुठेच नव्हतं! घामात सगळ्यात जास्त जातं ते हेच, आणि हरभऱ्यात ते नावालाच असतं. वरातीच्या दिवशी दुप्पट करा, पाणी भरपूर ठेवा. एवढ्यात कॅल्शियम चाळीस ग्रॅमच्या आसपास जातं, आजवरची तूट भरायला थोडं जास्तच बरं. लसूणघास मिळाला नाही त्या दिवशी चुनखडीची भुकटी. हे आकडे सरासरीचे आहेत, जमिनीप्रमाणे वैरण बदलते. जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा कृषी विद्यापीठात वैरणीचा नमुना तपासून मिळाला तर तो आकडा माझ्या आकड्यापेक्षा खरा धरा.

हा बदल एका दिवसात करू नका. दहा-बारा दिवस घ्या, रोज थोडा कोंडा कमी, थोडा लसूणघास जास्त. घोड्याच्या आतड्याला घाई केली की पोटशूळ उठतो. लंगडणं या बदलाने कमी व्हायचं असेल तर काही आठवडे जातील, हाडं भरायला मात्र कित्येक महिने. चकाकीचं म्हणाल तर आता अंगावर आहेत ते केस तयार होऊन गेलेत, त्यांना कुठलंही खाद्य पोचत नाही. थंडीचे नवे केस येतील तेव्हा कळेल. तोवर खरारा रोज, दोन्ही वेळ.

दोन ठिकाणी वाट बघायची नाही. चेहऱ्याच्या हाडावर सूज दिसली किंवा घोडी चावताना दाणा तोंडातून पाडू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि हे पत्र वाचून ज्यांच्या तबेल्यात आज कोंड्याचं पोतं उघडं आहे, त्यांनी 'डबाभर' आणि 'ओंजळभर' सोडून एकदा किराण्याच्या तराजूवर माप घ्यावं. कोंडा हलका असतो, हरभरा जड. एकाच डब्यात दोघांचं वजन तिपटीने वेगळं भरतं. डाळीचा डबा आणि कोंड्याचा डबा सारखाच समजून कित्येक तबेल्यांत वर्षानुवर्षं हिशेब चाललेला मी पाहिलाय.

लघवीचा रिपोर्ट आला की कळवा.